खोडरबराची साक्ष

एखाद्याच्या भल्यासाठी खोटे बोलावे की बोलू नये, हा वाद फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी असत्यभाषण या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि हेतू कितीही सोज्ज्वळ असला तरी असत्य हे असत्यच राहते, असा निर्वाळा दिला. आपल्याला हा निर्वाळा कठोर वाटतो. कारण आपण सारेच कधी ना कधी दयेपोटी खोटे बोललेलो असतो. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला 'आज चेहरा टवटवीत दिसतो' असे आपण सांगतो आणि त्यात काही गैर केले असे आपल्या मनालाही वाटत नाही. मग एखाद्या शिक्षकाने नापास होऊ घातलेल्या गरीब मुलाचे दोनचार गुण वाढवले, तर त्याने असे कोणते मोठे पाप केले? तीही एक दयाच नव्हे काय?

या प्रश्नाची कसोटी पाहणारी एक घटना अमेरिकेतील अटलांटा शहरात घडली. तिला आता बरीच वर्षे लोटली, न्यायालयाचा निकालही लागला. तथापि तिने उभा केलेला प्रश्न मिटलेला नाही. म्हणून ती हकीकत थोड्या विस्ताराने सांगतो.

अटलांटा ही जॉर्जिया राज्याची राजधानी आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मगाव. अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार 'शाळा-जिल्हा' नावाची स्थानिक संस्था पाहते. लोकांनी निवडलेले मंडळ तिच्यावर देखरेख करते आणि ते मंडळ एक अधीक्षक नेमते. अटलांटाच्या शाळा-जिल्ह्यात त्या काळी सुमारे ५० हजार मुले शिकत होती. त्यांतील बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती आणि बहुसंख्य गरीब घरांतून येत होती. घरात पुस्तक नाही, बापाला काम नाही, वस्तीत रात्री निर्धास्त झोप नाही, अशी कित्येक मुले त्या वर्गांत बसत होती.

जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी शिक्षणविषयक एका नव्या कायद्यावर सही केली. 'एकही मूल मागे राहू नये' असाच त्या कायद्याच्या नावाचा अर्थ होता. तिसरी ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेत दरवर्षी वाचनाची व गणिताची प्रमाणित चाचणी घ्यायची. तिचे निकाल गरीब, कृष्णवर्णीय, अपंग, इंग्रजी नीट न येणारी अशा मुलांच्या प्रत्येक गटासाठी वेगळे जाहीर करायचे. आणि २०१४ सालापर्यंत शंभर टक्के मुले ठरावीक पातळीवर आणायची, असे त्या कायद्याने ठरवले. जी शाळा वर्षानुवर्षे कमी पडेल तिच्यावर पायरीपायरीने कारवाई होणार होती. आधी पालकांना दुसरी शाळा निवडण्याची मुभा, मग शिक्षकवर्गात बदल आणि शेवटी शाळेची संपूर्ण फेररचना.

या कायद्यामागचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. तोवर सरासरीच्या पदराआड गरिबांच्या मुलांचे अपयश झाकले जात असे. श्रीमंत वस्तीतली मुले चांगली शिकली की जिल्ह्याचा निकाल चांगला दिसे आणि मागच्या बाकावरच्या मुलाकडे कोणाचेच लक्ष जात नसे. आता त्याच्याकडे पाहणे भाग पडले. चाचणी हा जणू एक दिवा होता. काळोख्या कोपऱ्यात काय आहे ते त्याच्या उजेडात दिसावे, एवढाच त्याचा उद्देश होता.

अटलांटाच्या अधीक्षक डॉ. बेव्हर्ली हॉल या १९९९ पासून त्या पदावर होत्या. कायद्याने ठरवलेल्या लक्ष्यांच्याही वर त्यांनी आपल्या जिल्ह्यासाठी स्वतंत्र लक्ष्ये आखली. तीन वर्षांत लक्ष्य गाठा, नाही तर जागा सोडा, असे मुख्याध्यापकांना बजावण्यात आले. लक्ष्य गाठणाऱ्या शाळेतील कर्मचाऱ्यांना रोख बक्षीस मिळे. दरवर्षी सर्व शाळांचा एक मोठा मेळावा एका भव्य क्रीडागृहात भरे. लक्ष्य गाठलेल्या शाळांची माणसे खाली मैदानात मानाने बसत. न गाठलेल्यांना वरच्या गॅलरीत बसावे लागे. कोण जिंकले आणि कोण हरले, हे साऱ्या शहराला दुरून दिसे. निकाल वर्षागणिक उंचावत गेले. २००९ मध्ये डॉ. हॉल यांना त्या वर्षीच्या राष्ट्रातील सर्वोत्कृष्ट अधीक्षक म्हणून गौरवण्यात आले.

परंतु त्याच सुमारास शहरातील वृत्तपत्राने काही शाळांच्या निकालांविषयी शंका घेतली. एका वर्षात इतकी झेप कशी शक्य आहे, असा प्रश्न त्याने विचारला. पुढे राज्य सरकारने २००९ च्या उत्तरपत्रिकांची यंत्राद्वारे तपासणी करवली. या परीक्षेत मुले शिसपेन्सिलीने योग्य पर्यायाचा गोल काळा करत असत. गोल खोडला तरी कागदावर पुसटसा डाग राहतो आणि तो डाग यंत्राला दिसतो. एखाद्या वर्गात किती उत्तरे खोडली गेली आणि त्यांतील किती चुकीची खोडून बरोबर केली गेली, हे मोजता येते. मूल स्वतः खोडते तेव्हा कधी चुकीचे बरोबर होते, कधी बरोबर असलेले चुकते. येथे मात्र कित्येक वर्गांत खोडलेली उत्तरे बरोबरच होत गेली होती, आणि तीही इतक्या मोठ्या संख्येने की तो योगायोग मानणे अशक्य होते.

आपल्याकडे परीक्षेतील गैरप्रकार म्हटला की 'कॉपी' आठवते. चिठ्ठी घेऊन बसलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो. अटलांटात मुलांनी कॉपी केली नव्हती. मुले प्रामाणिकपणे परीक्षा देऊन घरी गेली होती. त्यांच्या पाठीमागे त्यांच्या उत्तरपत्रिकांवर मोठ्यांचे हात फिरले होते.

राज्यपालांनी नेमलेल्या विशेष तपासकर्त्यांनी दोन हजारांहून अधिक मुलाखती घेतल्या आणि २०११ च्या जुलैमध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ५६ शाळांपैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले. १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा त्यात हात असल्याचे अहवालाने म्हटले. त्यांपैकी ८२ जणांनी कबुली दिली होती. एका शाळेतील शिक्षक सुटीच्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन एका सहकाऱ्याच्या घरी जमले होते व तेथे त्यांनी मिळून उत्तरे बदलली होती. दुसऱ्या एका शाळेत मुलांचे गुण कमी पडले म्हणून एका शिक्षिकेला भर सभेत टेबलाखाली रांगायला लावले गेले होते. ज्यांनी तक्रार केली त्यांनाच त्रास झाला. भीतीने सारी व्यवस्था ग्रासली होती, असा त्या अहवालाचा सूर होता.

आता त्या शिक्षकांच्या बाजूने जे म्हणता येईल ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. कारण दुबळ्या प्रतिपक्षावर मिळवलेला विजय हा विजय नव्हे. ते म्हणू शकत होते: 'ही मुले आमच्याकडे आली तेव्हाच तीन तीन इयत्ता मागे होती. भुकेल्या पोटाने आलेल्या मुलाला आम्ही आधी खाऊ घालावे की अपूर्णांक शिकवावेत? आम्ही दोन्ही केले. वर्षभर राबलो. मूल दोन पायऱ्या चढले. पण कायद्याला पाच पायऱ्या हव्या होत्या. निकाल कमी लागला असता तर शाळेवर गंडांतर आले असते. वस्तीतला तो एकच उबदार आसरा होता. मुलाच्या कपाळावर नापासाचा शिक्का बसला असता. आम्ही पैसे खाल्ले नाहीत. कागदावरची काही वर्तुळे तेवढी बदलली. त्यात कोणाचे नुकसान झाले?'

हे म्हणणे ऐकून आपले मन द्रवते. ते द्रवावे असेच आहे. परंतु 'कोणाचे नुकसान झाले' या अखेरच्या वाक्याचे उत्तर एका आईने दिले आहे.

२०१३ च्या मार्चमध्ये ३५ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्या वेळी पत्रकारांसमोर ही माता उभी राहिली. तिची मुलगी तिसरीत असताना वर्षभरातील वाचनाच्या चाचणीत अगदी तळाशी होती. मात्र राज्याच्या वार्षिक परीक्षेत त्याच मुलीला उत्तम गुण मिळाले. आईला आनंद व्हायला हवा होता. पण तिला शंका आली. घरी पुस्तक पुढे केले की मुलीला वाचता येत नाही, हे ती रोज पाहत होती. ती शाळेत गेली, पार अधीक्षकांपर्यंत पोहोचली. तुमची मुलगी परीक्षा चांगली देते, एवढेच तिला सांगण्यात आले, असे तिने सांगितले. मुलगी नववीत पोहोचली तेव्हा तिचे वाचन पाचवीच्या पातळीवर होते.

या एका मुलीच्या हकिकतीत सारा प्रश्न सामावलेला आहे. तिसरीतल्या त्या मुलीने वर्तुळे चुकीची भरली, तेव्हा तिने आपल्या परीने एक खरी गोष्ट सांगितली होती: 'मला हे येत नाही.' आठ वर्षांच्या मुलाला अर्ज लिहिता येत नाही, मागणी करता येत नाही. त्याचे चुकलेले उत्तर हाच त्याचा अर्ज असतो. कोणीतरी खोडरबर घेऊन ते उत्तर पुसले, तेव्हा एक चूक पुसली गेली नाही; एका लेकराची हाक पुसली गेली. आणि त्या जागी एका प्रौढ माणसाने तिच्या नावाने लिहिले: 'मला सारे येते, माझ्याकडे लक्ष देण्याची गरज नाही.'

आपण गुणांना बक्षीस समजतो. बक्षीस थोडे अधिक दिले तर ते औदार्य ठरते, म्हणून वाढवलेले गुण आपल्याला दयेसारखे वाटतात. पण गुण हे बक्षीस नव्हे, ती साक्ष आहे. या मुलाला काय येते आणि काय येत नाही, याविषयी शिक्षकाने पालकांपुढे, समाजापुढे आणि त्या मुलापुढे दिलेली ती साक्ष असते. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा आपण बालपणापासून पाठ केली आहे. शेजाऱ्याची निंदा करणारी, त्याला गोत्यात आणणारी साक्ष तेवढी खोटी, असे आपल्याला वाटत असते. शेजाऱ्याची खोटी स्तुतीही त्याच्या विरुद्धची साक्ष होऊ शकते, हे अटलांटाने दाखवून दिले. आजाऱ्याला 'चेहरा टवटवीत दिसतो' असे म्हणणे ही गोष्ट वेगळी आणि त्याच्या रक्ततपासणीच्या अहवालात खाडाखोड करणे वेगळे. पहिल्याने त्याला क्षणभर बरे वाटते. दुसऱ्याने त्याचे औषध थांबते.

औषध थांबल्याचे दाखलेही आहेत. कमी पडणाऱ्या शाळांना सरकारकडून जादा मदत मिळत असे. एका माध्यमिक शाळेचा निकाल कागदावर इतका सुधारला की तिला मिळणारी सुमारे साडेसात लाख डॉलरची मदत हुकली, असे तपासातून पुढे आले. मुलांची गरज जिथल्या तिथे राहिली. फक्त ती आहे याचा पुरावा नाहीसा झाला.

शिवाय असत्य एकटे राहत नाही. दरवर्षीचे लक्ष्य हे मागच्या वर्षीच्या निकालावर चढवलेले असे. म्हणजे या वर्षी खोटे गुण चढले की पुढच्या वर्षीची पायरी त्या खोट्या गुणांच्या वर बांधली जाणार. चौथीच्या प्रामाणिक शिक्षिकेकडे तिसरीतून 'उत्तम' शेरा घेऊन मूल यायचे. ते अक्षरे जुळवत वाचायचे. तिने खरे गुण लावले तर तिच्या हाताखाली मूल घसरले असे दिसणार. तिने काय करावे? पहिल्याने केलेल्या असत्याने दुसऱ्याचे सत्य महाग करून ठेवले होते. एकाने आपल्या मुलांच्या दयेपोटी केलेली गोष्ट दुसऱ्याच्या गळ्याला फास झाली. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात इशारा देऊन ठेवला होता की, एखाद्या आकड्यावर माणसांचे भवितव्य जितके अधिक टांगावे तितका तो आकडा भ्रष्ट होत जातो, आणि ज्या गोष्टीचे मोजमाप करायचे तिलाही भ्रष्ट करतो. अटलांटात या इशाऱ्याचा शब्दन् शब्द खरा ठरला.

यातली सर्वांत दुःखद गोष्ट अजून सांगायची आहे. अटलांटाच्या शाळांत खरी प्रगतीही होत होती. राष्ट्रीय पातळीवर एक वेगळी नमुना चाचणी होते. ती बाहेरची माणसे घेतात आणि तिच्या उत्तरपत्रिका शाळेच्या हातात राहत नाहीत. त्या चाचणीतही अटलांटाच्या मुलांनी त्या दशकात वाचनात चांगली सुधारणा दाखवली होती. ती सुधारणा लक्ष्यांइतकी भव्य नव्हती. पण ती मुलांच्या व शिक्षकांच्या घामाची होती. खोट्याचा डाग पडला आणि त्या खऱ्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. ज्या शिक्षकांनी खोडरबराला हात लावला नाही, त्यांचे कष्टही त्या डागाखाली झाकले गेले.

मग दोषी कोण? ज्याने खोडले तो, की ज्याने खोडायला भाग पाडले तो? खालचा म्हणतो, वरून दबाव होता. वरचा म्हणतो, मी फक्त लक्ष्य दिले, खोडायला सांगितले नाही. कायदा करणारे म्हणतात, आमचा हेतू उदात्त होता. आणि खरोखर, शंभर टक्के मुले ठरावीक वर्षी ठरावीक पातळीवर येतील अशी अपेक्षा मानवी स्वभावाला धरून होती काय? फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्र शासनाने पहिल्या दहा राज्यांना त्या अटींतून सूट दिली, त्यात जॉर्जिया राज्यही होते. डिसेंबर २०१५ मध्ये तो कायदाच बदलून त्याच्या जागी नवा कायदा आला. जी अट पाळणे राज्यांनाही जमले नाही, ती एका वर्गशिक्षिकेच्या खांद्यावर ठेवली गेली होती, हे विसरून न्याय करता येणार नाही.

तरीही पाप वाटून घेतल्याने कमी होत नाही. दहा जणांनी मिळून एक ओझे उचलले तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्सा येतो. दहा जणांनी मिळून एक अन्याय केला तर प्रत्येकाच्या वाट्याला संपूर्ण अन्याय येतो. भीतीमुळे दोष सौम्य होतो, हे नीतिशास्त्र मान्य करते. तो नाहीसा होतो असे ते म्हणत नाही. आणि ज्याने भीती निर्माण केली, त्याच्या खात्यावर स्वतःच्या दोषाखेरीज त्या घाबरलेल्यांच्या दोषाचाही काही भाग जमा होतो. 'मला ठाऊक नव्हते' ही सबब अशा ठिकाणी अपुरी पडते. जे जाणून घेणे आपले कर्तव्य असते, ते न जाणणे हाही एक दोषच असतो.

डॉ. हॉल यांनी आपल्यावरील आरोप अखेरपर्यंत नाकारले. त्यांच्यावर खटला चालू शकला नाही. २ मार्च २०१५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. बहुतेक आरोपींनी खटल्याआधीच कबुलीची तडजोड केली. बारा जणांवर खटला चालला आणि १ एप्रिल २०१५ रोजी त्यांपैकी अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना आधी सात वर्षांचा तुरुंगवास फर्मावण्यात आला. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायाधीशांनी तो तीन वर्षांवर आणला. दोषी ठरलेल्यांपैकी काहींनी आपण निर्दोष असल्याचे पुढेही आग्रहाने सांगितले आहे. शिक्षकांना संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली खेचावे काय, याविषयीही अनेकांनी नापसंती व्यक्त केली. मलाही ती शिक्षा पाहून समाधान वाटत नाही. कारण तुरुंगाने अपराध्याला शासन होते. त्या मुलीला वाचता येत नाही.

येथे आपल्या नैतिक परंपरेतील एक जुना नियम आठवतो. चोरीचा पश्चात्ताप केवळ अश्रूंनी पुरा होत नाही; चोरलेली वस्तू परत करावी लागते. गुरे चोरली तर गुरे, पैसे चोरले तर पैसे. पण येथे चोरले गेले ते काय? एका मुलाची तिसरी ते आठवी ही वर्षे. ती कोणत्या मापाने परत करणार? अटलांटाच्या शाळा-जिल्ह्याने पुढे अशा मुलांचा शोध घेऊन त्यांच्यासाठी जादा शिकवणीची सोय केली. ते योग्यच झाले. पण तोवर त्यांतली कित्येक मुले मोठी झाली होती, काही शाळा सोडून गेली होती. असत्याची भरपाई करायला निघालेला माणूस बहुधा उशिरा पोहोचतो. म्हणून दयेचा खरा मार्ग भरपाईचा नसून आधीच सत्य सांगण्याचा आहे.

सत्य सांगायला मात्र धैर्य लागते, आणि ते ऐकायलाही. खरे बोलणाऱ्याला वरच्या गॅलरीत बसवणारी व्यवस्था खरे कसे ऐकणार? अटलांटाच्या क्रीडागृहात ज्यांना लाजेने वर बसावे लागले, त्यांत असे काही शिक्षक निश्चित असतील की ज्यांनी मुलांची चुकलेली उत्तरे जशीच्या तशी पाठवली होती. त्या दिवशी त्यांच्यासाठी कोणी टाळी वाजवली नाही. आपल्या मुलांचे खरे मित्र मात्र तेच होते.

आणि ते क्रीडागृह केवळ अटलांटात नसते. निकालाच्या दिवशी आपल्या घरातही एक मैदान आणि एक गॅलरी तयार होते. शेजारच्या मुलाचे गुण आपण आधी विचारतो. आपल्या मुलाला काय आले नाही, हे मागाहून, आणि तेही रागाने. अशा घरातले मूल लवकरच शिकते की, न येणे लपवावे. ज्या घरात 'मला हे समजत नाही' असे मूल निर्धास्तपणे म्हणू शकते, त्या घरातल्या गुणपत्रिकेवर विश्वास ठेवायला हरकत नाही, मग तिच्यावरील आकडा कोणताही असो. अटलांटाच्या त्या मातेपाशी काही अधिकार होता की नव्हता, हे येथे महत्त्वाचे नाही. तिने कागदावरचे उत्तम गुण बाजूला ठेवले आणि मुलीपुढे पुस्तक उघडले, हे महत्त्वाचे. साऱ्या शहरात खोटी साक्ष चालू असताना खरे काय ते तिने आपल्या लेकराच्या तोंडून ऐकले होते.